धाकट्याला काहीही न ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय सत्त्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी (आता बंद), लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; तसा प्रयत्न करणारे आजवर आपसूकच दमले. यापूर्वी काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावं. माझ्या दृष्टीने खरं कलम पाचवं आहे, बाकीची व्यवहाराची.

१. राहतं घर, मागच्या कामाच्या खोलीसह, माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावं. बापाने बोलणं टाकलं तरी ही पोरगी येत राहिली.

२. पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभणं आणि सरसाचं भांडं कोपऱ्यावरच्या बाइंडरला. कापायचं यंत्र मात्र त्याला देऊ नये. तो समास कापताना अक्षरंही खातो. यंत्र विकून टाकावं.

३. बँकेतली ठेव वाचनालयाला, एका अटीवर. गोऱ्या साहेबाच्या मळ्यावरच्या त्या जुन्या, गाजलेल्या कादंबरीची तिथे एकच प्रत होती आणि मागणाऱ्यांची रांग. समितीने डोकं लढवून ती माझ्याकडून तीन भागांत बांधून घेतली. ज्याला जो भाग मिळेल तो त्याने आधी वाचायचा. भांडणं होतील, असं मी तेव्हाच म्हटलं होतं, पण ऐकतो कोण? पहिल्या भागात साहेब रस्ता आणि दवाखाना बांधतो, दुसऱ्यात त्याची बायको एकटी झुरते, तिसऱ्यात मजुरांच्या झोपड्या जाळल्या जातात. सगळे एकच पुस्तक वाचत होते आणि कोणाचं कोणाशी पटत नव्हतं. ठेवीतून त्या कादंबरीच्या पुरेशा अखंड प्रती घ्याव्यात.

४. ते जुने भाग समितीने मला देऊन टाकले आहेत. त्यांतला दुसरा आणि तिसरा शाळेच्या मास्तरांना द्यावा. पहिला वाचून ते "काही म्हणा, शिस्त होती" असं जे सांगत सुटले, ते अजून थांबलेले नाहीत.

५. धाकट्या भावाला मी काहीही ठेवत नाही. कारण असं :

त्याच्या हाती आधी तिसरा भाग पडला. मी शिवता शिवता तिन्ही वाचले होते आणि साहेबाच्या बायकोसाठी रडले होते. ते मी त्याला सांगितलं. आमचे आजोबा अशाच एका मळ्यावर राबून मेले. तो म्हणाला, "ताई, अख्ख्या पुस्तकात साहेबाच्या कुत्र्याला नाव आहे, मजुरांत एकालाही नाही. आणि तुला रडू येतं ते बाईसाहेबांचं?" मी म्हटलं, "अरे, बाई परकी असली म्हणून तिचं दुःख खोटं होतं का?" "मग बस रडत," म्हणाला, आणि गेला तो गेलाच. आई म्हणायचीच, एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं. माझं बरोबर होतं असं मला अजून वाटतं. त्याचंही चूक नव्हतं. मरणाआधी तो मला एकदा समोर बसलेला हवा आहे.

त्याच्या नावावर घर केलं तर तो चिडेल आणि मुळीच येणार नाही. वकील सांगतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, आणि साक्षीदाराने मला सही करताना प्रत्यक्ष पाहावं. म्हणून त्याला काही ठेवलेलं नाही. दुसरा साक्षीदार तोच. वकील म्हणाले, दुसरं कोणीही चालेल. मला चालणार नाही. तो येईपर्यंत मी सही करणार नाही, आणि तोवर वरचं सगळं म्हणजे नुसता कागद. पुतणीने बापाला हे जसंच्या तसं वाचून दाखवावं.

ठिकाण : माझं घर, पुढची खोली
दिनांक : १२ जून
सही : (लिहून ठेवणारी)

साक्षीदार पहिली, शेजारच्या नर्सबाई : बाई पूर्ण शुद्धीत आहेत. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ : ताईने माझ्यासमोर सही केली. कादंबरीबद्दल माझं मत बदललेलं नाही, आणि तिचंही. कागद पंख्याने उडत होता, म्हणून तो मी धरला.