नावाची कोरी जागा

प्रिय वहिनी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर आलो. अक्षर बघून हसशील. आठवीत दप्तर टाकलेल्या माणसाचं असंच असायचं. मी बरा आहे, खोकला गेला. या गावात चार महिने टिकलो हेच मोठं म्हण. तू मला भिंगरी म्हणायचीस, ते काही खोटं नव्हतं. दादा गेल्यावर छापखान्यात त्याच्या जागेवर मला घेतलं तेव्हा मालकाने सगळ्यांसमोर पैज लावली की हा आठवड्यात पळणार. पळालो नाही. दादाची खुर्ची उजवीकडे दबलीय, तो कलून बसायचा ना, तशीच. बसलं की मीही आपोआप कलतो आणि खुर्ची कुरकुरते.

छापखान्याच्या तळघरात त्याचा जुना कॉम्प्युटर आहे. त्यात अक्षरजुळणीचा त्याहून जुना प्रोग्राम, आणि त्यात सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांचा मजकूर. हा प्रोग्राम जन्मात एकच प्रिंटर ओळखायचा, शेजारच्या टेबलावरचा, जाड केबलने बांधलेला. तो दादाच्या शेवटच्या आठवड्यात बंद पडला. मग मालकाने वरच्या मजल्यावर जिन्यापाशी नवा आणला, नेटवर्कवरचा, सगळ्या टेबलांना मिळून एक. जुन्याला तो दिसेचना. दुरुस्तीवाला दोनदा येऊन हात टेकून गेला. म्हणाला, आजोबांना नव्या सुनेशी बोलायला लावतोयस, ते व्हायचं नाही. मला चेव आला. तीन आठवडे चिकटलो. आधी वर नुसत्या किड्यामुंग्या उमटायच्या, कारण नव्याला जुनी अक्षरं ठाऊकच नाहीत. मग प्रत्येक अक्षर चित्र म्हणून पाठवलं. आणि जुन्याला असं भासवलं की त्याचा प्रिंटर अजून शेजारीच आहे. तो बोलणार शेजाऱ्याशी, आवाज जाणार तारेतून वर.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले होते. शेवटचं बटण दाबलं, माझं चाचणीचं पान धाडलं आणि धावत वर गेलो. पान आलं, पण माझं नव्हतं. वर नुसतं ‘प्रिय’, त्यापुढे कोरं, खाली एकच वाक्य: ‘घर सोडलं त्या दिवशी चूक माझीच होती.’ कुणीतरी थट्टा करतंय म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात दुसरं पान आलं. तेच वाक्य, खाली आणखी एक. तिसऱ्यात तीन. दर पान एका ओळीने वाढत होतं, खाली कुणी बसून जुळवतंय आणि ओळ झाली की वर धाडतंय, तसं. कागद हाताला गरम लागत होते. आणि वहिनी, जिन्याखालून खुर्ची कुरकुरली. कलताना कुरकुरते तशी. आठव्या पानानंतर कसाबसा खाली उतरलो. खुर्ची रिकामी होती.

पडद्यावर छापायच्या कामांची यादी होती. बारा कामं, सगळी एकाच दिवसाची, दादा गेला त्या दिवसाची. आणि शेवटी तेरावं माझं. तेव्हा उलगडलं. दादाची सवय तुला ठाऊक आहे. पडद्यावरच्या अक्षरावर त्याचा विश्वास नव्हता, दर ओळीला कागद काढायचा. ‘कागदावर उतरलं की उतरलं,’ म्हणायचा. प्रिंटर बंद असूनही हाताच्या सवयीने तो धाडत राहिला आणि मशीनने ते सगळं सांभाळून ठेवलं. मी फक्त वाट मोकळी केली. एवढं कळलं, पण खुर्चीचं उत्तर त्यात नव्हतं. अकरा कामं गेली होती, बाराव्याची पाळी आली. मी झटक्यात वर जाणारी केबल उपटली.

का, ते सांगतो. पूर्वी मला अक्षरजुळणी शिकवताना दादाने पहिली गोष्ट हीच सांगितली होती: ‘नाव शेवटी भरायचं रे. नाव चुकलं की अख्खा कागद रद्दी.’ वर पाहिलेल्या आठही पानांत ‘प्रिय’च्या पुढे जागा मोकळीच होती, मागून उचललेल्या तीन पानांतही तशीच आहे. अकराव्याची शेवटची ओळ ‘बोलावलंस तर येईन’ इथे संपते. त्यापुढे लिहायचं काही उरत नाही. उरतं फक्त नाव.

आता जड गोष्ट. ‘शेवटी त्याने माझं नाव घेतलं का?’ असं तू विचारलंस आणि मी हो म्हणालो. ते खोटं होतं. तो याच खुर्चीत, अशाच जेवणाच्या सुट्टीत गेला. जवळ कुणी नव्हतं, आणि मी तर दुसऱ्या दिवशी पोचलो. तू तेव्हाच ओळखलंस बहुतेक, म्हणून फोन घेत नसशील. आणखी एक. छापखान्यासमोर एक बाई कपडे शिवते. सहा वर्षं दादाचे शर्ट तिच्याकडे असायचे. कुठलं घर सोडलं, तुझं की तिचं, ते अकराही पानांत नाही. मी पोचलो त्या दिवशी ती दाराशी उभी राहून मला तेच विचारून गेली. मी तिलाही हो म्हणालो.

म्हणून हे पत्र. केबल माझ्या खिशात आहे. मालकाला वाटतं भिंगरीला काम जमलं नाही. महिनाअखेरीस मशीन भंगारात जाणार आणि त्यासोबत बहुधा मीही. तोवर दुपारी मी जिन्यावर बसून खातो. खाली खुर्ची माझ्याशिवायच कलते. बारावं पान मी पाहिलेलं नाही. तुझं नाव मी स्वतः जुळवून त्या जागेत बसवलं असतं, तर तुला फरक कळला नसता, मालकालाही नाही. हात तिथवर गेलाही होता. पण तुझ्याशी एकदा खोटं बोललो तेवढं पुरे. छापू की पुसू, एवढंच लिही, एक शब्द पुरेल. छाप म्हणालीस तर जे नाव निघेल ते न बदलता धाडीन. फक्त नीट विचार कर, वहिनी. कागदावर उतरलं की उतरलं.

तुझाच,
भिंगरी