कानावरचे डबे

चि. धाकटीस,

लिहायला उशीर झाला, माफ कर. महिनाभर तुझ्यावर रागावून बसलो होतो. फोनवर तू सारखी ओरडतेस, म्हणून मी फोन उचलणंच सोडलं. "इंजिनिअरिंगला बापावर खेकसायला शिकवतात का?" असंही तुझ्या आईला म्हणालो.

परवा तू येऊन गेलीस तेव्हा कळलं. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, तू शेजारी उभी, आणि मान वर केली नाहीस. अगं, तू रागाने ओरडत नव्हतीस, तुला ऐकूच येत नाही.

तोंडासमोर येऊन विचारलं तर हसलीस. "बाबा, गॅस दाबून पुढे ढकलणारं मशीन आहे ते. झडप बिघडली की उघड्या कानालाच आधी कळतं." म्हणून मशीनचा आवाज अडवायला कंपनीने दिलेले कानावरचे डबे गळ्यात अडकवायचे, आणि स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मशीनला, दुसरं कानाला लावून मशीनचं दुखणं ऐकत बसायचं. मशीनचं सगळं ऐकलंस, बापाचं एक नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणे, "कागदावर आलं की मला ऑफिसात बसवतील." बसवू देत की. खुर्ची काय चावते?

तुझं टपाल आधी साहेबाच्या टेबलावर जातं, त्याने वाचलं तर तुझं बिंग फुटेल, म्हणून हे पाकीट टाकायचा धीर होत नव्हता. पण जिवाला घोर लागलाय. डॉक्टरकडे गेलीस का, लवकर कळव. फोन करू नकोस, दोन ओळी लिही. तुझं ओरडणं आता मला ऐकवत नाही.

तुझा,
कावलेला बाप