चिंधीच्या फॉर्ममधला सातवा रकाना

दि. ११ फेब्रुवारी, बुधवार

चि. ठकूस,

इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. बाबांचा गुडघा सकाळी कुरकुरतो आणि दहानंतर कामाला लागतो. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा गळायचा थांबला. तुझ्या वॉर्डातल्या रात्रपाळ्या कमी झाल्या असतील आणि तू वेळेवर जेवत असशील असं धरून चालते.

फोनवर विचारता आलं असतं, पण सोबत एक कागद पाठवायचा आहे. तुझ्या चिंधीचा विमा काढावा की नाही?

हसू नकोस. शेजारच्या शिंपीणकाकूंच्या बोक्याने शिवणाचा दोरा गिळला. ऑपरेशन झालं, आणि काकूंचं नवं मशीन घ्यायचं राहिलं. बोका मात्र खणखणीत आहे. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं. बाबांच्या ओळखीचे एक विमा एजंट आहेत, ते फॉर्म देऊन गेले. दहा वर्षं पूर्ण झाली की कंपनी मांजराला नव्याने घेत नाही, आणि चिंधीला पुढच्या महिन्यात दहा पूर्ण होतात. तू तिला दप्तरात लपवून आणलीस तो दिवस माझ्या वहीत सापडला. "दूध पाव लिटर जादा", एवढंच लिहिलेलं.

बाबा म्हणाले, "माझा विमा काढताना तुला एवढा उत्साह नव्हता."

मी म्हटलं, "तुम्ही पत्र्यावरून उड्या मारत नाही."

"मारू का?"

फॉर्म मीच भरला. 'सवयी' या रकान्यात मी 'देवापुढच्या वाटीला तोंड लावत नाही' असं लिहिलं. एजंटांनी ते खोडलं. त्यांना म्हणे ती घराबाहेर जाते का, एवढंच हवं होतं. मग सातवा रकाना आला. 'यापूर्वी झालेली इजा व तिचं कारण.'

एजंट म्हणाले, "वहिनी, 'नाही' लिहा आणि मोकळ्या व्हा. लंगड्या पायाचं लिहिलंत की त्या पायाचा खर्च कंपनी कधीच देणार नाही." आणि जनावरांचे डॉक्टर तर सांगून बसलेत, पुढेमागे त्याच पायाचं काम निघणार.

मी पेन उघडलं आणि मिटलं. खाली छापलं आहे, 'वरील माहिती खरी आहे'. तीन दिवस फॉर्म देवाजवळ ठेवला. देवाने काही सांगितलं नाही. मला माहीतच होतं, तर तो कशाला सांगेल.

ठकू, चिंधी वयामुळे लंगडते असं मी तुला सांगितलं होतं. आठ वर्षांचं मांजर वयामुळे लंगडत नाही. तू नर्स आहेस, तुझ्या मनात आलंच असेल.

तू नोकरीला गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. 'जायचंच असेल तर मागे काही ठेवू नकोस', असं मी बोलून बसले होते. तू बॅग उचललीस. हॉस्टेलात मांजर चालत नाही, म्हणून ती तेवढी राहिली. तुझ्या कॉटवर बसून ओरडायची. खाईना, उशीवरून उठेना. बाबा कामावर, घरात आम्ही दोघीच. तिला ओरडून मोकळं तरी होता येत होतं, मला तेही जमेना. मी तिला उचललं, मागच्या दाराबाहेर ठेवलं आणि आतून कडी लावली. ती दार ओरबाडत राहिली. मी पोथी घेऊन बसले होते. आवाज चढवून वाचू लागले. अध्याय संपला तेव्हा बाहेर शांत होतं.

बाबांना सांगितलं, गेली असेल कुठेतरी. सहाव्या दिवशी जिन्याखाली सापडली. मागचा उजवा पाय लोंबत होता. मला पाहून ती पळाली असती तर बरं झालं असतं. मांडीवर घेतलं तर घुरघुरायला लागली.

दोन वर्षं मी हे कुणाला बोलले नाही. काल बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ठकूला तूच सांग. मी मध्ये पडणार नाही."

तर सातव्या रकान्यात मी लिहिलं आहे, 'घरातल्या माणसाने बाहेर काढल्यामुळे'. जागा थोडी होती, अक्षर बारीक झालं, पण वाचता येतं. पायाचं कंपनी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पायाचं मी करीन. बाकीच्या चिंधीचा विमा काढावा असं मला वाटतं. डॉक्टर म्हणाले, अजून पाच-सहा वर्षं ती सहज जगेल. हप्ताही मी भरीन. तू दरमहा पाठवतेस ते तिच्या खाण्यालाच राहू दे.

एजंट म्हणत होते, मांजर तुमच्याकडे आहे तर सही तुम्हीच ठोका. मी केली नाही. मालकीण तू आहेस. आता तुझी स्वतःची खोली आहे. हे वाचून चिंधीला माझ्याकडे ठेवू नये असं तुला वाटलं, तर फॉर्मवर तुझा पत्ता घाल आणि येऊन तिला घेऊन जा. मी टोपलीत तिची गोधडी घालून तयार ठेवीन, अडवणार नाही. इथेच राहू दे असं वाटलं, तर नुसती सही कर. काहीही ठरव, पण कागद महिनाअखेरच्या आत पोचायला हवा.

बाकी सगळं शाईने भरलं आहे. इथला पत्ता तेवढा पेन्सिलीने लिहिला आहे, म्हणजे तुला खोडायला त्रास पडणार नाही.

अनेक आशीर्वाद.

तुझी,
आई