दुहेरी काचांची शांतता

प्रिय सत्यजीत,

पुण्याहून माणसं पाठवून तू माझ्या शिरूरच्या घराला दुहेरी काचांच्या खिडक्या बसवल्यास. "आई, बंदच ठेव. हायवेचा आवाज नको, शांत राहा," म्हणालास. अरे, लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनाही मला शांत बसवणं जमलं नव्हतं.

शेजारची धुरपदा रोज सकाळी परसातून हाक मारते, मी खिडकीतून ओ देते, मग भिंतीवरून चहा येतो. काचा बसल्या आणि हाक बंद झाली. मला वाटलं, बाईसाहेब रुसल्या. मग मीही रुसले. घरभर येरझाऱ्या घातल्या, मन शांत राहावं म्हणून तू पाठवलेली सुगंधी मेणबत्ती कचऱ्यात टाकली.

आज ती दारात येऊन उभी राहिली.

"बाई, घसा बसला माझा हाका मारून! येवढा कसला राग म्हनायचा?"

"राग? बोलणं तू टाकलंस!"

तिनं खिडकीकडं पाहिलं. "आगं बया! ह्या काचंपायी आपुन येकमेकीचं तोंड बघितलं नसतं की!"

आता खिडकी सताड उघडी आहे. ट्रक धडधडताहेत, चहा गरम आहे. पण हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस, तर खिडकी बंद करायला पुन्हा माणूस पाठवशील.

स्वतः येणार नाहीस.

तुझी,
अजूनही न निवलेली आई