तांदळातली एकदाणी

गडचिरोली,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. मोनालीस,
बाबांचे अ. उ. आ.

इकडे आम्ही दोघं खुशाल. फोन सोडून पत्र लिहितो म्हणून हसू नकोस. तीस वर्षं एसटीच्या खडखडाटात कान गेले. फोनवर तू विचारतेस एक आणि मी सांगतो भलतंच. पत्रात माझी फजिती होत नाही.

जड धानाची कापणी आटोपली. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, पण पंधरा दिवसांपासून तिचं तोंड बंद आहे. कारण मी हळूच काढून घेतलं, ते तिच्या नकळत तुला लिहितो. दिवाळीनंतर तू निघालीस तेव्हा तिने लवकर निघणाऱ्या हलक्या धानाचा नवा तांदूळ गाठोड्यात बांधून दिला. त्या तांदळात तिने आपली गळ्यातली सोन्याच्या मण्यांची एकदाणी घातली होती. आपल्याकडच्या बाया प्रवासात सोनं धान्यातच लपवतात, हे तुला ठाऊक आहे. हातात दिली असती तर तू नको म्हणाली असतीस. तांदूळ काढताना हाताला लागेल आणि पोर फोन करेल, असा तिचा बेत.

तू फोन केलास. तांदूळ फार गोड होता, शेवटच्या दाण्यापर्यंत संपला, असंही सांगितलंस. एकदाणीचं मात्र नाव नाही. तेव्हापासून ती गप्प आहे. ती तुला विचारणार नाही, म्हणून मी विचारतो. मी कंडक्टर होतो, टपावर चढवलेलं एकही गाठोडं वाटेत सोडलं नाही. तुझ्या विमानात आपलं गाठोडं गेलं कुठे? मी रागावलेलो नाही. खरं काय ते लिही.

प्रकृतीला जप. आमचा लोभ आहेच, तुझ्या उत्तराने तो वाढू दे.
तुझा बाबा


बंगळूर,
८ डिसेंबर २०२४

ती. आई-बाबांस,
मोनालीचा शि. सा. न. वि. वि.

बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा. मी तिच्याशी खोटं बोलले. तो तांदूळ मी खाल्लाच नाही.

ड्युटी नसताना आम्ही पायलट आपल्याच कंपनीच्या विमानातून जातो, तेव्हा आमचा नंबर सगळ्यात शेवटी. तिकीटवाले प्रवासी बसले की उरलेली जागा आमची. म्हणून आम्ही सामान विमानाच्या पोटात टाकायला देत नाही. सामान पुढे जायचं आणि आपण नागपुरातच राहायचं, असं होतं. पायाशी मावेल अशी एक बॅग, बस. आईने गाठोडं पुढे केलं तेव्हा हे मला तिला सांगवलं नाही.

त्या दिवशी विमान गच्च भरलं. दार लागायला चार मिनिटं असताना कॅप्टनने कॉकपिटमधली जादाची खुर्ची दिली. तिथे गुडघे आखडून बसावं लागतं. माझी बॅग कशीबशी मावली, गाठोडं मावेना. वरचे कप्पे भरलेले, आणि प्रवाशाचं सामान हलवून आपलं ठेवणं आमच्यात शोभत नाही. दुसऱ्या सकाळी मला विमान चालवायचं होतं. गाठोडं घेऊन गेटकडे परत धावले, तिथे एक बाई झाडत होत्या. गाठोडं त्यांच्या हातात दिलं, शिजवून खा म्हटलं आणि पळाले. आईला काय सांगायचं ते वर ढगात बसून ठरवलं.

बाबांचं पत्र मिळालं आणि परवाच्या सुटीत मी नागपूर गाठलं. गेटवरच्या त्या बाईंना शोधून काढलं, त्यांचं नाव केसरबाई. तांदूळ पाखडताना त्यांना एकदाणी सापडली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती विमानतळावर हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत जमा केली. तांदूळ मात्र घरच्यांनी खाल्ला, चव होती म्हणाल्या. ते ऐकून जरा बरं वाटलं.

खोलीतले साहेब भले होते. वस्तू दाखवण्याआधी त्यांनी खूण विचारली. मणी किती, कुठे टाका, कुठे डाग. बाबा, मला एकही गोष्ट सांगता आली नाही. एकोणतीस वर्षं ती आईच्या गळ्यात पाहते आहे. कॉकपिटमधले सगळे खटके डोळे मिटून सांगीन, आणि आईच्या गळ्यातले मणी मला माहीत नाहीत. साहेब म्हणाले, खूण लिहून आणा, महिनाअखेरपर्यंत वस्तू इथेच आहे. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले.

आई, खूण कळव. हवं तेवढं रागाव, पण बोल.

तुमच्या लोभातून मला वगळू नका, एवढंच मागते.
तुमची मोनाली


गडचिरोली,
१५ डिसेंबर २०२४

चि. मोनालीस,
बाबांचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचून दाखवलं. आई उठली, आत जाऊन भात मांडून आली, मग म्हणाली, लिहा. पुढचं ती सांगते तसंच लिहितो. शब्द तिचे, अक्षर माझं.

बाई मोनाली, मणी सतरा हायेत. आत लाख भरली हाय. मधातला एक मणी चेपला हाय. तुले पयले दोन दात आले तवा तू माह्या मांडीवर बसून तोच मणी चावत राहे. सोनार म्हणे दुरुस्त करून देतो, म्या नाई करू देल्ला. साहेबाले सांग, ते दात तुह्येच होत.

खोटं बोलली त्याचा राग आला. तांदूळ देऊन टाकला त्याचा नाई आला. केसरबाईच्या घरी शिजला, चांगलं झालं. तिले माहा नमस्कार सांग. मले एवढंच लागलं का पोरीले माहं गाठोडं जड झालं. त्यात निस्ता तांदूळ नव्हता बाई. दर खेपी मीच थोडी थोडी तुह्यासंगं जात होती.

तू चार सालापासून म्हणून राह्यली का माय-बापाले विमानात जागा भेटते, या. मले वाटे, मी अनाडी बाई, तिथी तुह्या साहेब लोकाइत मले पाहून तुले लाज वाटन. म्हणून मी नाई आली, तांदूळ धाडला. आता मीच येतो. तुह्या बाबाले पण आणतो. पयल्या विमानात जागा नाई भेटली त आमी बाकावर बसून राहू, दुसऱ्याची वाट पाहू. हातात काई आणत नाई, एक लुगडं फक्त.

लोभ हाय तसाच ठेव. आन गडबड झाली तरी मले कोणाच्या हाती देऊन पळू नको.
तुही माय