पाच डॉलरच्या चार बातम्या

टॉर्विक, मिनेसोटा
गुरुवार, ता. ६ ऑक्टोबर १९९४. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. दुकानात नव्या खुर्च्यांना किमतीच्या चिठ्ठ्या बांधतोय.

ति. मार्लिसताईस, लोवेलचा सा. न.

तू फोनवर येत नाहीस असं केंद्रातल्या नर्सबाई दर रविवारी सांगतात, म्हणून पत्रच बरं. इकडे सर्व ठीक. गारठा पडलाय. तुझ्या खोलीतली खिडकी मी बंद केली.

आज व्यापारी मंडळाची महिन्याची न्याहारी होती, चर्चच्या तळघरात. नेहमीप्रमाणे अंड्याचा केक, वेलचीचे पाव आणि पातळ कॉफी. नंतर आनंदाच्या डॉलरचा डबा फिरला. तुला आठवतच असेल: डॉलर टाकायचा, उभं राहून एक चांगली बातमी सांगायची, आणि पैसे नाताळच्या रस्त्यावरच्या दिव्यांना. बाबा उभे राहिले आणि म्हणाले की मार्लिसला ॲरिझोनात दाताच्या डॉक्टरकडे नोकरी लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या बातम्यांत ऑगस्टमध्ये तू आयोनमावशीकडे हवापालटाला गेली होतीस आणि सप्टेंबरमध्ये पोहायला शिकलीस. मी खाली मान घालून पाव खाल्ला.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या केंद्राच्या नोव्हाक बाई आल्या होत्या. आपल्या शेजारचं बंद पडलेलं जोड्यांचं दुकान भाड्यानं घेऊन आठवड्यातून दोन दिवस तिथे मानसोपचाराचा दवाखाना चालवावा, असं त्यांचं म्हणणं आहे. मंडळानं पाठिंब्याचं पत्र दिलं तरच जिल्हा परवानगी देईल. घड्याळवाले स्टूबे लगेच म्हणाले की बाई, तिथून कोणी बाहेर येऊन माझ्या काचेसमोर तासभर उभं राहिलं, तर मी त्याला घड्याळ विकायचं की वेळ सांगायची? सगळे हसले. बाबाही हसले. मतदान ३ नोव्हेंबरला आहे, दर दुकानाला एक मत. आपलं मत बाबांचं.

तुझ्या डॉक्टरांनी मला सांगितलंय की घरापासून तीस मैलांच्या आत दर आठवड्याला उपचार मिळणार असतील, तरच तुला घरी सोडता येईल. नाहीतर मिनिॲपोलिसच्या निवासगृहात जावं लागेल. तुमचं केंद्र चौऱ्याण्णव मैलांवर आहे, मी मोजलंय. म्हणजे सगळं त्या मतदानावर आहे. बाबांना हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा गिऱ्हाईक आलंय का ते पाहिलं.

जेवत जा. माझ्यावरचा लोभ तेवढा तिथे विसरून येऊ नकोस.

तुझा,
लोवेल


विलो फॉल्स
बुधवार, ता. १२ ऑक्टोबर १९९४

चि. लोवेलास, अ. उ. आ.

नोकरी लागली हे वाचून बरं वाटलं. पगार किती ते बाबांना विचारून कळव, म्हणजे मला खर्चाचा अंदाज येईल.

दाताचं इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा होतो, आपलाच असून आपला नसतो? गोळ्यांनी मी सगळीच तशी झालेय. तुझं पत्र वाचून मी हसले. म्हणजे हसायला हवं हे कळलं. फोनवर येत नाही, कारण आवाजात काही नसतं आणि तू उगाच घाबरशील. पण झोप लागते आता. सलग सहा तास, गेले नऊ दिवस.

मला घरी यायचंय. बाकी मागण्यासारखं काही सुचत नाही. पण तू मध्ये पडू नकोस. चार वर्षं तू त्या डब्यात डॉलर टाकून ‘पुढे जाऊ द्या’ म्हणत आलास, तेच कर. बाबांना त्याच लोकांना सोफे विकायचेत.

खिडकी थोडी उघडी ठेव. लोभ आहे, नीट जाणवत नसला तरी आहे.

मार्लिस


टॉर्विक
गुरुवार, ता. ३ नोव्हेंबर १९९४. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. गोदामात गादीवर बसलोय.

ति. ताईस, सा. न.

तुझं ऐकलं नाही. आधी तेवढं सांगून टाकतो.

न्याहारीला मंडळाच्या अध्यक्ष अर्डेल क्विस्ट बाईंनी डबा फिरवला. बाबांनी डॉलर टाकला आणि म्हणाले की मार्लिसनं गाडी घेतली. क्विस्ट बाई म्हणाल्या, अगं बाई, आता लग्नाचा डॉलर तेवढा राहिला, हार्लन! मग स्टूबे उठले. म्हणाले की दवाखाना काढायला आपली ना नाही, पण कोणासाठी? आपल्या गावात असा एक तरी माणूस आहे का? असेल तर नाव सांगा, मी आत्ता हात वर करतो. बाबा कॉफीत बघत होते.

तेवढ्यात डबा माझ्यापुढे आला. बोलायचं वाक्य मी एका किमतीच्या चिठ्ठीमागे लिहून पाठ केलं होतं. पण सुट्टा डॉलर मी कॉफी वाढणाऱ्या बाईंना देऊन बसलो होतो. खिशात पाचाचीच नोट होती, ती टाकली. डब्यातून सुट्टे परत मिळत नाहीत. क्विस्ट बाई ओरडल्या की पाच! ऐका हो, हा पोरगा चार वर्षांत बोलला नाही, आता पाच बातम्या दिल्याशिवाय खाली बसायचं नाही!

म्हणून मी मोजून सांगितल्या. पहिली, माझी बहीण मार्लिस ॲरिझोनात नाही, १८ जुलैपासून विलो फॉल्सच्या केंद्रात आहे. दुसरी, तिला आता सहा तास झोप लागते. तिसरी, ती जिवंत आहे. चौथी, हा दवाखाना निघाला तर ती घरी येईल. पाचवी मला सुचली नाही. मी उभाच राहिलो. बाईंच्या हातात वेळ संपल्याची घंटी असते, ती त्यांना वाजवता येईना. शेवटी त्याच म्हणाल्या की चार पुरे, बस बाळा.

माझे पाय मला जाणवत नव्हते. भीतीही वाटत नव्हती, हे जरा विचित्रच.

मतदान झालं. बाजूनं बारा, विरुद्ध अकरा. स्टूबेंनी शब्द पाळला, हात वर केला, पण कोणाकडे न बघता. आपल्या दुकानाचं मत पडलं नाही. बाबांचे दोन्ही हात टेबलावर होते. पत्रात दोन अटी घातल्यात: रस्त्याच्या बाजूला पाटी नको, आणि येणंजाणं मागच्या गल्लीतल्या दारानं.

गाडीत बाबा फक्त एवढंच म्हणाले की हॉवलंडांचा सोफा दोनच्या आत पोचवायचाय. मी बरं म्हणालो.

तू रागावली असशील तर तसं लिही. लोभ आटला असेल तर तेही.

लोवेल


विलो फॉल्स
मंगळवार, ता. ८ नोव्हेंबर १९९४

चि. लोवेलास, अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. रागवायचा प्रयत्न करून पाहिला, पण तिथवर पोचत नाही. तुझी तिसरी बातमी मात्र मी कागदावर लिहून घेतली.

डॉक्टरांनी सही केली. बुधवारी, २३ तारखेला मला सोडतील. दवाखाना त्यानंतरच्या मंगळवारी सुरू होतोय, माझी वेळ संध्याकाळी पाचची. बाबांनी न्यायला आलंच पाहिजे असं नाही. त्यांना सांग की मी दुकानात पुढे बसणार नाही, मागे गोदामात बसेन.

एक विचारायचंय. त्या गल्लीत संध्याकाळी उजेड असतो का? साडेचारलाच अंधार पडतो आता. मी एकटी चालत येईन, पण दार दिसायला हवं.

लोभ आहेच. थोडा जाणवला या वेळी.

मार्लिस


टॉर्विक
रविवार, ता. १३ नोव्हेंबर १९९४. दुपारचे तीन वाजून पाच मिनिटं. शिडी आत आणून ठेवली.

ति. ताईस, सा. न.

दहा दिवस बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले. गिऱ्हाइकं येतात, किंमत विचारतात, तुझं विचारत नाहीत. क्विस्ट बाई एक कुंडी ठेवून गेल्या, चिठ्ठीशिवाय.

तुझी पत्रं बाबांनी आजवर कधी मागितली नव्हती. काल जेवताना त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं की काय लिहिते. मी सगळं वाचून दाखवलं, गोदामाचंसुद्धा. त्यांनी एकच विचारलं की कोणतं दार. मी म्हणालो, गल्लीतलं.

आज चर्चहून आल्यावर कोटही न काढता त्यांनी शिडी घेतली. मी खाली धरून उभा होतो. बर्फ भुरभुरत होता, त्यांची बोटं लाल झाली होती. जोड्यांच्या दुकानाच्या मागच्या दारावर दिवा बसवला, तार आपल्या गोदामातून ओढली. मग मला गल्लीच्या टोकाला पाठवून दार दिसतं का विचारलं. दिसतं म्हणालो. माझ्यावर विश्वास बसला नसावा, ते स्वतःही चालत जाऊन बघून आले. परत येताना म्हणाले की तिला सांग, बुधवारी, २३ तारखेला, सकाळी दहाला गाडी येईल, आणि दुकानात ती बसेल तिथे बसेल, पुढे किंवा मागे.

बाकी भेटीत. लोभ आता इथे येऊनच कर.

तुझा,
लोवेल

हिशोब:
दिवा आणि वरची टोपी, आठ डॉलर पंच्याहत्तर सेंट.
बल्ब, एक डॉलर एकोणतीस.
तार आणि खिळे, दोन डॉलर दहा.
एकूण खर्च, बारा डॉलर चौदा सेंट.
येणं, इमारतीच्या मालकाकडून बारा डॉलर चौदा. हे मी वहीत लिहिलं होतं. बाबांनी त्यावर रेघ मारली.