शिक्क्याची सायकल

३ फेब्रुवारी
निर्णय पक्का. लेकीसाठी, झिपरीसाठी, ट्रॅकची सायकल मी स्वतः बांधणार. तीही साधीसुधी नाही. जपानमध्ये केइरिन नावाची शर्यत असते, तिथे सायकलच्या भागांवर मंजुरीचा शिक्का लागतो, एनजेएस. शिक्का नाही तर शर्यत नाही. माझी उभी नोकरी वजनमापं खात्यात गेली, दुकानदारांच्या काट्यांवर शिक्के मारण्यात. शिक्का म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको.
पोरगी ट्रॅकवर पडली त्याला तीन वर्षं होत आली. सध्या विश्रांती चालू आहे. दुसऱ्या शहरात नोकरी करते, पण ती तात्पुरती. अशी सायकल समोर आली की आपोआप परतेल.
हिला सांगितलं. ही म्हणाली, तिला विचारलंत का? सरप्राइज कधी विचारून देतात? हिला प्लॅनिंग कळत नाही.
संकल्प: दीड महिन्यात सायकल उभी.

९ फेब्रुवारी
फ्रेम आली. एका निवृत्त जपानी रेसरची. निळी, पोलादी. टिचकी मारली की तांब्यासारखी वाजते. खाली, पायडलच्या जागी, बारीक शिक्का. भिंगातून पाहिला. हिलाही भिंग दिलं. हिने शिक्का सोडून ओरखडा पाहिला.
फ्रेम झिपरीच्या खोलीत ठेवणार होतो. तिथे हिचं शिलाई मशीन आहे, ते हलणार नाही असं कळलं. फ्रेम हॉलमध्ये.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी
झिपरीचा फोन. सहज विचारलं, वजन किती आहे हल्ली? म्हणाली, का? म्हटलं, सहज. मग तिने सांगितलं की जुनी खोली सोडली, ऑफिसजवळ तळमजल्यावर घर घेतलं. जिने झेपत नाहीत, पाय वाकत नाही नीट.
उत्तम. जिने वाचले की ताकद साठून राहते.

२६ फेब्रुवारी
सायकलवाल्या मास्तरकडे गेलो. त्याचं म्हणणं, हँडल आणि पायडल इथलंच टाकू, भिंग घेऊन कोण बघतंय? मी म्हटलं, उद्या म्हणशील किलोला नऊशे ग्रॅमही चालतात. तो म्हणाला, चालत होते की साहेब, तुम्ही तपासणीला यायच्या आदल्या दिवसापर्यंत.
माणूस बरा आहे. तत्त्व नाही.

११ मार्च
चाकांचे हब, पायडलचा क्रँक, हँडल आलं. सगळ्यांवर शिक्के. सीटच्या दांड्यावर मात्र नाही. आतून-बाहेरून पाहिला, परत पाठवला. ही भाजी निवडत होती. म्हणाली, पोरीचे एक्स-रे एवढे निरखून पाहिले असतेत तर.
हिला विषयांतराची सवय आहे.

२९ मार्च
दीड महिना उलटला. सायकल तयार नाही. कारण बाहेरचं, सीटचा दांडा. मला दोष देता येणार नाही.
चाकं मात्र मी स्वतः बांधली. आरे ओवले, ताणले, फिरवून पाहिलं. चाक लग्नातून पिऊन निघालेल्या पाहुण्यासारखं चाललं. मास्तरने आउट काढून, चाक सरळ करून दिलं. तांत्रिकदृष्ट्या चाक मीच बांधलं.
दुपारी जुने फोटो काढले. एकात झिपरी स्टार्टच्या आधी उभी आहे, हेल्मेटमधून झिपऱ्या बाहेर, चेहरा पांढराफटक. जिद्द म्हणतात ती ही.

१२ एप्रिल
सायकल तयार! दांडाही शिक्क्याचा मिळाला. सीट झिपरीच्या जुन्या मापावर लावली.
ब्रेक नाहीत, ट्रॅकच्या सायकलला नसतात. फ्रीव्हीलही नाही, चाक फिरतं तोवर पायडल फिरणार. बिल्डिंगच्या आवारात ट्रायल घेतली. मी पाय थांबवले, सायकलने थांबवू दिले नाहीत. शेवटी कचऱ्याच्या डब्याने थांबवलं. कोपर सोललं. सायकलला ओरखडा नाही. शिक्का तो शिक्का.
झिपरीला निरोप दिला, येत्या रविवारी ये, महत्त्वाचं आहे. तिने लगेच आईला फोन केला, बाबांची तब्येत बरी आहे ना? दोघी बराच वेळ बोलल्या. मी येरझारा घालत होतो, काही ऐकू आलं नाही.

१९ एप्रिल, रविवार
झिपरी आली. जिना चढायला वेळ लागला. मी वरून ओरडत होतो, चल चल, शेवटचा लॅप. ती वर पाहत नव्हती, कठडा धरून येत होती.
सायकल पाहिली. फ्रेमवरून हात फिरवला. सुंदर आहे म्हणाली. मी शिक्के दाखवले, एकूण एक. मग म्हटलं, बस.
ती आईकडे पाहत राहिली. मग बसली. एक हात भिंतीला, मागून सीट मी धरलेली. डाव्या पायाचं पायडल वर आणलं. गुडघा अर्ध्यात अडला. म्हटलं, सीट वर घेऊ. घेतली. पुन्हा अडला. अजून वर घेतली. आता तिचा दुसरा पाय जमिनीला टेकेना. मी म्हटलं, थांब, क्रँकचंच काहीतरी बघतो, आणि पाना शोधायला लागलो.
"बाबा, तो एवढाच वाकतो. आता एवढाच वाकणार. सांगितलं होतं मी."
मी म्हटलं, व्यायामाने सगळं होतं. पुढच्या सीझनपर्यंत...
"बरा असता तरी ट्रॅकवर परत आले नसते." मग अगदी हळू म्हणाली, "प्रत्येक रेसच्या आधी मी ओकायचे. तुम्ही बाथरूमच्या दाराबाहेर उभे असायचात. म्हणायचात, छान, तेवढीच हलकी झालीस."
म्हणालो असेन. गमतीने. ही स्वयंपाकघराच्या दारात होती. हिला यात नवीन काही वाटलं नाही, ते दिसलं.
झिपरीला एकटीने उतरता येईना. मी काखेत हात घालून उतरवली. लहानपणी झोपाळ्यावरून उतरवायचो तशी.
संध्याकाळच्या बसने गेली. जाताना म्हणाली, राग नका मानू, सायकल खरंच सुंदर आहे.

२० एप्रिल
सकाळी लिहिलं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. दुपारी खोडलं.
सीट अजून तेवढीच वर आहे. खाली घ्यायला मास्तरला बोलावणार होतो. कोणाच्या मापाने घेऊ म्हणून विचारेल. बोलावलं नाही.

२२ एप्रिल
आज मी फोन केला. एरवी ती करते. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिने हॅलो म्हटलं आणि मी विचारलं, गुडघा कसा आहे गं?
"दुखतो, बाबा."
मग सांगत राहिली. पालथं झोपता येत नाही. बसमध्ये पाय बाहेर काढून बसावं लागतं, येणारेजाणारे अडखळतात, चिडतात. थंडीत सकाळी अंथरुणातून उठायलाच अर्धा तास जातो. ऑफिसात टेबलाखाली स्टूल ठेवलंय, त्यावर पाय. मी मध्ये बोललो नाही. ऐकत होतो. हिने मागे खुर्ची आणून ठेवली होती. ते फोन ठेवल्यावर कळलं.